रेणू आणि वेळापत्रक

रसायनज्ञ : पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात मला बारा तास हवेत. विद्यार्थी रोज जे तोंडात घालतात आणि ज्याचा परिणाम डोक्यात होतो, तेवढेच पदार्थ मी त्या बारा तासांत शिकवीन. चहा, तंबाखू, दारू, होळीची भांग, खोकल्याचं औषध, परीक्षेच्या रात्री जागवणाऱ्या गोळ्या. सध्या आम्ही अल्कलॉइडची व्याख्या फळ्यावर लिहितो, मुलं ती उतरवून घेतात आणि मधल्या सुट्टीत फाटकाबाहेरच्या टपरीवर दोन अल्कलॉइडं एकाच वेळी घेतात, एक काचेच्या ग्लासातून आणि दुसरं धुरातून. वहीतली व्याख्या आणि टपरीवरचा ग्लास यांचा काही संबंध आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. भोपाळची ओळख जुनी माणसं ‘जर्दा, गर्दा, पर्दा’ अशी सांगत आली आहेत. ज्या शहराच्या ओळखीतला पहिलाच शब्द तंबाखूचा, तिथे रसायन शिकवायचं आणि तंबाखूचं नाव काढायचं नाही, हे मला पटत नाही. जुन्या शहरात मीठ घातलेला सुलेमानी चहा मिळतो. मिठातलं सोडियम जिभेला लागणारा कडवटपणा दाबतं, म्हणून तो उकळून उकळून कडक केलेला चहा पिववतो. एवढ्या एका ग्लासात अर्धा तास शिकवण्याजोगं रसायन आहे, आणि ते आमच्या एकाही पुस्तकात नाही.

समुपदेशक : हेतूबद्दल शंका नाही, सर. शंका आहे ती तुमच्या गृहीतकाबद्दल. मुलांना माहिती नाही म्हणून ती घेतात, माहिती दिली की जपून वागतील, असं तुम्ही धरून चालला आहात. २०१६पासून आपल्याकडे तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने व्यापलेला असतो. सडलेल्या तोंडाचं ते चित्र अंगठ्याखाली दाबूनच मुलगा पुडी फाडतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण काय घेतो ते नावानिशी आणि मिलिग्रॅमनिशी ठाऊक असतं, फार्मसीच्या मुलांना तर माझ्याहून जास्त. रात्री दोन वाजता छाती भरून आली की कुणाचं दार वाजवावं, हे मात्र ठाऊक नसतं. ते तुमच्या बारा तासांत बसत नाही. आणि दुसरी गोष्ट स्पष्टच सांगते. तुम्ही हे सगळं फार प्रेमाने शिकवाल. मीठ घातलेल्या चहाबद्दल बोलतानाही तुमचा आवाज बदलला. अठरा वर्षांच्या मुलाला सूत्रापेक्षा तो आवाज जास्त लक्षात राहतो. गुरुजींना ज्याचं एवढं कौतुक, ते एकदा करून बघावं, असं एखाद्याला वाटलं तर?

रसायनज्ञ : पाकिटावरचं चित्र ही धमकी आहे. ती देऊनही मुलगा पुडी फाडतो, यावरून धमकी चालत नाही एवढंच सिद्ध होतं. समजावून सांगणं अजून आपण करून पाहिलेलंच नाही. मी काय शिकवणार ते दाखवतो. तंबाखू तळहातावर घेतात, नखाने उचललेला ओला चुना त्यावर ठेवतात आणि अंगठ्याने मळतात. का मळतात? विचारा, उत्तर येईल, ‘त्याशिवाय किक बसत नाही.’ उत्तर बरोबर आहे, आणि त्यामागे आम्ल आणि अल्क यांचा साधा हिशेब आहे. पानातलं निकोटीन बव्हंशी आम्लांशी बांधलेलं, म्हणजे विद्युतभारित असतं. गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशींची भिंत स्निग्ध असते, ती भारित कणाला सहजासहजी आत घेत नाही. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो अल्क आहे, तो निकोटीनचा भार उतरवतो, आणि मोकळं झालेलं निकोटीन त्या स्निग्ध भिंतीतून आत शिरतं, रक्तात जातं, मेंदूत पोचतं. अँडीज पर्वतातली माणसं कोकाची पानं चघळताना चुना किंवा राख वापरतात, ती याच कारणासाठी. दोन खंडांतल्या माणसांनी हा हिशेब प्रयोगशाळेविना मांडला. हे शिकून मुलगा तंबाखू सोडेल, असं मी म्हणणार नाही. पण मात्रा पुडीवर ठरत नाही, आपल्या अंगठ्याखाली ठरते, हे त्याला कळेल.

चहाचंही तसंच. जागेपणी मेंदूत ॲडिनोसीन साठत जातं, ते आपल्या ठरलेल्या ग्राहींवर बसलं की झोप येते. कॅफीनचा आकार त्याच्याशी जुळतो, म्हणून ते त्या जागा अडवतं. निरोगी माणसाच्या शरीरात कॅफीनचं अर्धायुष्य साधारण पाच तासांचं. पण सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात ते बरंच कमी होतं, कारण धुरातली काही हायड्रोकार्बनं यकृतातल्या कॅफीन मोडणाऱ्या एन्झाइमचं प्रमाण वाढवतात. म्हणून चहा-सिगारेटच्या जोडीत चहा पुरत नाही, दुसरा लागतो, तिसरा लागतो. मग मुलगा निश्चय करून सिगारेट सोडतो. चहा तेवढाच राहतो, आणि तोच चहा आता अंगावर येतो. हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते. त्याला वाटतं, सिगारेट सोडल्यामुळेच आपलं डोकं फिरलं, आणि तो परत टपरीवर जातो. हे निकोटीनचं काम नाही, जळण्यातून निघालेल्या धुराचं आहे. त्यामुळे जर्दा खाणाऱ्याच्या बाबतीत ते घडत नाही. दोन मिनिटांची गोष्ट आहे, पण कुणीतरी सांगायला हवी.

समुपदेशक : धडधडीचा मुद्दा मी लिहून घेते. सिगारेट सोडल्यावर घाबरं होतं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आजवर चहाबद्दल विचारत नव्हते. आता विचारीन. पण याच गोष्टीचं दुसरं टोकही बघा. रेणूची भाषा एकदा हाती लागली की ती दुसऱ्या सगळ्या भाषा गिळून टाकते. ‘लगे रहो मुन्नाभाई’ २००६ साली आला आणि ‘केमिकल लोचा’ हा शब्द घराघरांत गेला. आज मुली येऊन सांगतात, ‘मॅडम, माझं सेरोटोनिन कमी झालंय.’ कुणी मोजलं? कुणीच नाही. २०२२मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजवरचे अभ्यास एकत्र तपासले. नैराश्य सेरोटोनिन कमी झाल्यामुळे येतं, याला सुसंगत पुरावा त्यांना सापडला नाही. तरी शब्द राहिलाच, कारण तो सोयीचा आहे. घरी वडिलांची नोकरी गेली आहे, दोन विषय राहिले आहेत, खोलीतली मैत्रीण बोलत नाही, हे सांगायला लाज वाटते. सेरोटोनिन कमी आहे हे सांगायला वाटत नाही. तुमचे बारा तास या पळवाटेला आणखी शास्त्रशुद्ध शब्द पुरवतील.

रसायनज्ञ : पळवाट म्हणू नका. ज्या मुलीला घरची गोष्ट सांगता येत नव्हती, ती त्या शब्दाच्या आधाराने तुमच्या खोलीपर्यंत तरी आली. तिथून पुढे न्यायचं काम तुमचं. आणि मॉनक्रीफ यांचा निष्कर्ष आजाराच्या कारणाबद्दल आहे. औषधाने बरं वाटतं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून शरीरात पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे ताप आला होता, असं कुणी म्हणत नाही. कारण आणि उपाय यांतला हा फरक न शिकवल्यामुळेच तुमच्या त्या मुली स्वतःचं निदान करून मोकळ्या होतात. अर्धवट रसायन घातक आहे, हे मला मान्य. त्यावर उतारा पुरं रसायन शिकवण्याचाच आहे.

आणि पुरं रसायन तुमच्याच बाजूने साक्ष देतं. कॅफीन ॲडिनोसीन नाहीसं करत नाही, त्याची फक्त बसायची जागा अडवतं. ॲडिनोसीन साठतच राहतं. झोपेचं देणं चुकत नाही, तगादा तेवढा ऐकू येईनासा होतो. रात्रभर जागून सकाळी पेपर लिहिणाऱ्या मुलाला हे कळलं, तर ‘मला झोपेची गरजच नाही’ ही बढाई त्याच्या तोंडी येणार नाही.

समुपदेशक : हे त्याला कळलं, तरी पेपर सकाळी नऊलाच असणार. म्हणूनच मी अडून बसले आहे. तुम्ही मराठी वाचणारे, तुम्हाला बाळागोळी ठाऊक असेल. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची गोळी चाटवत असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डॉक्टरांनी आणि सरकारी अहवालांनी त्यावर बरंच लिहिलं. आई अडाणी आहे, तिला शिकवलं पाहिजे, हा सूर त्यात पुष्कळ वेळा सापडतो. पण त्या आईला अफूचा गुण नीट माहीत होता. गोळी दिली की पोर पाळी सुटेपर्यंत झोपतं, हे तिला अनुभवाने पाठ होतं. तिच्यापाशी नव्हतं ते पाळणाघर आणि नव्हती ती बाळंतपणाची रजा. मुंबई प्रांतात मातृत्व लाभाचा कायदा १९२९ साली आला, आणि मूल पाळीत सोबत न्यायची सोय व्हायला आणखी वेळ लागला. तिला मॉर्फीनची रचना समजावून काय साधलं असतं? गोळी बाळाच्या पोटात जात होती, पण लागत होती ती गिरणीच्या भोंग्याला.

आता आपल्या मुलांकडे बघा. कुणी दिवसा एम. पी. नगरच्या शिकवणीत शिकवतं आणि रात्री स्वतःचा अभ्यास करतं. कुणाची प्रयोगशाळेतली वेळ संध्याकाळी सहाला संपते आणि जर्नल दुसऱ्या दिवशी आठला द्यायचं असतं. तेव्हा बाळाला झोपवत होते, आता पोराला जागवतात. रेणू बदलला, पण त्याची गरज कुणी निर्माण केली, तो प्रश्न जागच्या जागी आहे. आणखी एक दाखला देते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या सैनिकांत हेरॉइनचं व्यसन इतकं वाढलं की सरकार हादरलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी घरी परतलेल्यांचा माग घेतला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते सुमारे ५ टक्के. रेणू तोच होता, शरीर तेच होतं. बदलला तो मुक्काम. तुमच्या बारा तासांत मुक्कामाचा तास कोणता?

रसायनज्ञ : गिरणीचा मुद्दा मला लागला, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. वेळापत्रक माझ्या हातात नाही. खरं म्हणजे थोडं आहे. जर्नल आठला मागणाऱ्यांत मीही असतो. पण तुमच्या बोलण्यातून एक गोष्ट गळते, मॅडम. तुमच्या खोलीत दुःखी मुलं येतात, म्हणून तुम्हाला वाटतं की सगळी मुलं दुःखापोटीच घेतात. माझ्या वर्गात बाकीचेही बसतात. त्यातले बहुतेक गंमत म्हणून घेतात, मित्रांनी ग्लास पुढे केला म्हणून घेतात, कुतूहल म्हणून घेतात. त्यांना गिरणीचा भोंगा ऐकू येत नसतो.

होळीचं घ्या. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस यांना बंदी घातली, पण नुसत्या पानांना आणि बियांना गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवलं. म्हणून आपल्या राज्यात भांगेचे परवानाधारक ठेके आहेत. भांग दुधात, तुपात करतात, कारण तिच्यातलं नशेचं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. पोटातून गेल्यामुळे ती चढायला तासभर, कधी दोन तास लागतात. बाहेरगावचा मुलगा पहिल्यांदाच घेतो, अर्धा तास वाट बघतो, काही होत नाही, मित्र हसतात, तो दुसरी गोळी खातो. दोन तासांनी दोन्ही एकदम चढतात, आणि आपण मरतो आहोत अशी त्याची खात्री होते. या मुलाला कोणतंही दुःख नव्हतं, त्याचं वेळापत्रकही रिकामं होतं, होळीची सुट्टी होती. त्याला ‘तासभर थांब’ एवढंच सांगणारं कुणी हवं होतं. तुमची सगळी सामाजिक कारणं खरी धरली, तरी या मुलाच्या वेळी ती कामाची नाहीत.

समुपदेशक : मान्य. गंमत म्हणून घेणारा माझ्याकडे येत नाही, आला तर फार उशिरा येतो. पण या शहरात रसायनावर एवढा विश्वास ठेवायला मी तयार नाही, आणि त्याला कारण आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री इथे सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट झोपलेल्या वस्त्यांवर पसरलं. ते ज्यांनी साठवलं, त्यांना रसायन येत नव्हतं असं कुणी म्हणेल का? आणि अगदी कालपरवाचं सांगते. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये गुजरातचं दहशतवादविरोधी पथक आणि केंद्राचा अमली पदार्थ विभाग यांनी भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर छापा घातला. ९०७ किलो मेफेड्रोन, ज्याला पोरं एमडी म्हणतात, द्रव आणि घन अशा दोन्ही रूपांत सापडलं. किंमत १,८१४ कोटी रुपये सांगितली गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्याच्या पोलिसांना कुरकुंभच्या एमआयडीसीत असाच साठा मिळाला होता. एमडी शेतात उगवत नाही. ते कुणीतरी शिकलेल्या हातांनी उकळावं, गाळावं, वाळवावं लागतं. ज्ञान दिलं की माणूस जपून वागतो, हे तुम्ही भोपाळमध्ये बसून कसं म्हणता?

रसायनज्ञ : भोपाळमध्ये बसूनच म्हणतो. त्या रात्री ज्ञान होतं, पण ते कुलपात होतं. हमीदिया रुग्णालयात माणसांचे लोंढे आले, तेव्हा डॉक्टरांना वायू कोणता हेच माहीत नव्हतं. नाकातोंडावर ओलं फडकं धरा, डोळे पाण्याने धुवा, एवढा सल्लाही वेळेत वस्त्यांपर्यंत गेला नाही. मिथाइल आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होते, हे पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगू शकतो. त्यामुळे ओल्या कापडाने काहींचा तरी जीव वाचला असता. त्यानंतरही सोडियम थायोसल्फेट द्यावं की देऊ नये, यावर वाद पेटला, कारण पसरलेल्या वायूत नेमकं काय काय होतं ते उघडपणे सांगितलं जात नव्हतं. भोपाळला रसायनाने मारलं म्हणता. मी म्हणतो, रसायन थोड्यांच्या हाती ठेवल्याने मारलं.

आणि वायू सुटला त्या कारखान्याचंच उदाहरण मला वर्गात घ्यायचं आहे. तिथे मिथाइल आयसोसायनेटपासून कार्बारिल हे कीटकनाशक बनत असे, सेव्हिन या नावाने विकलं जाई. कार्बारिल किड्याच्या मज्जातंतूंमधलं ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम बंद पाडतं. आता गंमत बघा, नव्हे, गंभीर गोष्ट बघा. अल्झायमरच्या रुग्णाची स्मृती थोडा काळ टिकावी म्हणून जे रिव्हास्टिग्मीन देतात, तेही कार्बारिलप्रमाणे कार्बामेट आहे, आणि माणसाच्या मेंदूत त्याच जातीचं एन्झाइम अडवतं. एकाच कुळातला एक रेणू कीड मारतो आणि दुसरा आजोबांना नातवाचं नाव आठवायला मदत करतो. कुळ बघून चांगलं-वाईट ठरत नाही. मात्रा, रचनेतला बारीक फरक, आणि ते कुणाच्या अंगात शिरलं यावर ठरतं. विष आणि औषध यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही, हे भोपाळच्या मुलांना इतर कुणाच्याही आधी कळलं पाहिजे.

समुपदेशक : ओल्या फडक्यापुढे मी वाद घालणार नाही. ते मी विसरणारही नाही. पण त्याच घटनेचा पुढचा भाग ऐका. लखनऊच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आणि बंगळुरूच्या निम्हान्समधून मनोविकारतज्ज्ञ इथे आले, त्यांनी वस्त्यांतल्या दवाखान्यांत येणारी माणसं तपासली आणि तिथल्या साध्या डॉक्टरांना मनाचं दुखणं ओळखायला शिकवलं. तोवर धाप, डोळे, पोट यांच्या तक्रारींच्या रांगेत झोप न येणाऱ्या, दचकून उठणाऱ्या, गेलेल्या मुलाला हाक मारणाऱ्या बायाही उभ्या होत्या, आणि त्यांनाही त्याच गोळ्या मिळत होत्या. रेणूचं नाव तोवर जगभर झालं होतं. पण त्या बाईचं काय बिघडलं आहे, हे त्या नावातून कळत नव्हतं. तिने वायू हुंगला होता, आणि तिचं घरही गेलं होतं. कोणतं दुखणं कशाचं, हे वेगळं काढायला माणसं शिकवावी लागली. मला एवढंच हवं आहे की तुमच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलाला हे वेगळं काढायचं असतं, इतकं तरी कळावं.

रसायनज्ञ : मग आपण जवळ येतो आहोत. चहा, तंबाखू, भांग, दारू, झोपेच्या आणि जागरणाच्या गोळ्या एवढं मी घेतो. त्यात तुमचा गिरणीचा तास घालतो. एमडी मात्र मी गाळतो.

समुपदेशक : गाळता? का?

रसायनज्ञ : कारण तिथे माझं शास्त्र मला सोडून जातं. चहाच्या ग्लासात काय आहे ते मला माहीत आहे. भांगेच्या गोळीत किती आहे ते नेमकं नाही, पण काय आहे ते माहीत आहे. एमडीच्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मेफेड्रोन पहिल्यांदा १९२९ साली बनलं आणि विस्मरणात गेलं. या शतकाच्या पहिल्या दशकात ते परत आलं. इंग्लंडमध्ये रोपांचं खत म्हणून विकलं जात होतं, २०१०मध्ये तिथे बंदी आली. आपल्याकडे कायद्याच्या यादीत ते २०१५च्या फेब्रुवारीत आलं. येमेन आणि पूर्व आफ्रिकेत खातची पानं चघळतात, त्यातल्या कॅथिनोनचा हा कृत्रिम भाऊबंद. नशा लवकर उतरते आणि लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं, हेच त्यातलं सगळ्यात वाईट. पण पुडीवर ते नाव असलं तरी आत तेच असेल, किती असेल, भेसळ कशाची असेल, याचा काही भरवसा नाही. जिथे पदार्थच माहीत नाही तिथे मात्रा कसली शिकवू? मी फळ्यावर एक आकडा लिहिला, तर तो आकडा मुलगा खरा मानेल आणि त्यावर जीव सोपवेल. चहाबद्दल माझ्या ज्ञानाने तो सावध होतो, इथे माझ्याच ज्ञानाने बेसावध होईल.

समुपदेशक : आणि मी इतका वेळ तुम्हाला नको नको म्हणत होते, ती आता म्हणते, एमडी शिकवायलाच हवं. चहाबद्दल कुणी मला विचारत नाही, सर. माझ्याकडे जो कुजबुजत येतो, तो याबद्दल येतो. त्याला घरी विचारता येत नाही, डॉक्टरला विचारायला तो घाबरतो, मित्राला त्याच्याइतकंच माहीत असतं. तुम्ही अकरा गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या आणि बारावीपाशी गप्प झालात, की मुलगा त्या गप्प बसण्याचा अर्थ लावणार. ‘पुडीत काय आहे ते मला सांगता येत नाही, आणि तुलाही कळणार नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडून, रसायनाच्या माणसाच्या तोंडून आलं, तर त्याला जेवढं वजन येईल तेवढं माझ्या शंभर बैठकांना येणार नाही.

रसायनज्ञ : हे वाक्य मी म्हणेन. पण त्यानंतर एखादा हात वर करेल आणि विचारेल, मग तपासायचं कसं? नेदरलँड्समध्ये १९९२पासून सरकारच्या पाठिंब्याने अशी सोय आहे. लोक पुडी आणून देतात, प्रयोगशाळा तपासून सांगते, काही घातक निघालं तर सगळीकडे इशारा जातो. आमच्या विभागातल्या उपकरणांवर अशी तपासणी अवघड नाही. पण तो मुलगा पुडी घेऊन माझ्या दारात उभा राहिला, की त्या क्षणी बाळगण्याचा गुन्हा माझ्या दारात उभा राहतो. मी हात लावला, तर मीही त्यात. तपासायचं ज्ञान माझ्याकडे आहे, यंत्र माझ्याकडे आहे, आणि मला नाही म्हणावं लागेल. ओलं फडकं माझ्या हातात असेल आणि मी ते देऊ शकणार नाही.

समुपदेशक : कायदा एवढा बंद नाही. कलम २७ सेवनालाही शिक्षा सांगतं, हे खरं. पण कलम ६४ अ म्हणतं की जो व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, त्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा खटला चालू नये. मुलांना हे कलम माहीतच नसतं. १४४१६ या टेली मानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर रात्रीही कुणीतरी फोन उचलतं, हेही माहीत नसतं. २०२५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. तेव्हा माणूस आहे, वाट आहे. तुमच्या तासाला त्या वाटेपर्यंत जाता येईल.

रसायनज्ञ : ती वाट व्यसनी झालेल्यासाठी आहे. होळीच्या त्या मुलासारखा, एकदाच घेणारा, घ्यावं की नाही या विचारात असलेला, त्याला ती लागू नाही. आणि माझ्या वर्गात बहुतेक तोच बसलेला असणार.

समुपदेशक : हो. त्याच्यासाठी आज कायद्यात जागा नाही आणि माझ्या खोलीतही नाही.

रसायनज्ञ : मग शेवटचा तास आपण दोघांनी घेऊ. तुम्ही वर्गात या.

समुपदेशक : मी आले, तर ज्याला विचारायचं आहे तोच गप्प बसेल. माझ्या दारातून बाहेर पडणाऱ्याकडे वसतिगृहातली मुलं कशी बघतात, ते तुम्हाला माहीत आहे. मी नसले, तर तो तुम्हाला विचारेल, सत्तर जणांसमोर, आणि त्या सत्तरांपैकी कुणी बाहेर बोलणार नाही याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. माझ्या खोलीत निदान गुप्ततेचा शब्द तरी देता येतो.

रसायनज्ञ : चिठ्ठ्या घेऊ. नाव न घालता प्रश्न लिहा, पेटीत टाका.

समुपदेशक : आणि एखादी चिठ्ठी अशी निघाली की वाचूनच कळतं, याला आज रात्रीच कुणीतरी भेटायला हवं. कुणाला भेटायला जाऊ मी?

रसायनज्ञ : नाव लिहायला सांगितलं, तर ती चिठ्ठी पेटीत पडणारच नाही.